खुर्चीच्या हातावरचा उडालेला रंग

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता — भोसरीच्या आमच्या एका खोलीत जिवंत माणसांनाच जागा पुरत नाही...

वाकडला मी ज्यांच्याकडे फरशी-भांडी करते, त्या मॅडमना मी घरी रंगवलेल्या स्टुलाचा फोटो आवडला. म्हणाल्या, "मंगलताई, मला एक जुनी खुर्ची करून द्या, व्हिंटेज लुकमध्ये. चांगली झाली तर अजून सहा." दोन हजार आधीच दिले. सहा खुर्च्या म्हणजे माझी फरशी सुटली असती.

मोशीच्या भंगारवाल्याकडे सागवानी खुर्ची मिळाली. घासून पांढऱ्या रंगाचे दोन कोट दिले. जुनी दिसावी म्हणून कडा नंतर पॉलिश पेपरने घासायच्या होत्या, ते बाकी होतं. तरी सकाळी खुर्चीच्या उजव्या हातावर दोन ठिकाणी रंग उडालेला. शेजारी शेजारी, बोटभर लांब, गुळगुळीत. परत रंगवलं, परत तेच. तिसऱ्यांदा खोलीला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून कामाला गेले. आले तर... तेच.

आमच्या ह्यांना विचारलं, "अहो, तुम्ही हात लावला का?"

"मार खायचाय का मला?" हसत हसत ते खुर्चीत बसले, हात टेकवला आणि खाली बघितलं.

ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कंपनीत प्रेस मशीनखाली गेली, त्याला नऊ वर्षं झाली. उरलेली बोटं रंगावर होती. जिथं बोटं नाहीत, बरोबर तिथंच त्या दोन खुणा.

"त्या दिवशी रिक्षा येईपर्यंत मला साहेबाच्या खुर्चीत बसवलं होतं. फडकं गुंडाळून."

"हीच का ती?"

"काय माहीत. मी तेव्हा खुर्ची बघत होतो का?"

रंग टिकत नाही म्हणून मॅडमना फोटो पाठवला. लगेच फोन आला, "अहो, हेच तर हवंय! किती खरं वाटतंय! आता हात लावू नका."

हे पण म्हणाले, "दे की." पण म्हणताना खुर्चीवरचा हात काही उचलला नाही.

मला नाही देता आली. खुर्ची मोडली म्हणून सांगितलं. आयुष्यात मॅडमशी तेवढंच खोटं बोलले. सहा खुर्च्या त्यांनी दुकानातून घेतल्या.

भंगारवाल्याला खुर्ची कुठली ते आठवत नाही. रंग का उडायचा, मला आजही कळलेलं नाही. दोन हजार तर खर्च झाले होते. पगारातून कापून घ्या म्हटलं, पाचशे पाचशे करून. या महिन्यात शेवटचे पाचशे कापले. सगळे फिटले.