भांडी घासणारीचा फोटो

लॉकडाउन उठल्यावर मेलबर्नच्या आर्ट गॅलरीत एक काकू भेटल्या. साडीवर कार्डिगन, पायात स्पोर्ट्स शूज. मुलाकडे आल्या आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकल्या होत्या. एका जुन्या युरोपियन चित्रापुढून त्या हलेचनात. त्यात मोलकरीण पातेलं घासता घासता वर बघत होती.

"पुण्याला आमच्याकडे यायच्या त्या बाई अश्शाच. कोविडमध्ये गेल्या. एक फोटो नाही गं त्यांचा. कॅमेरा दिसला की 'भांडी पडलीत' म्हणत आत पळायच्या. हिला कसं थांबवलं असेल?"

मी मोबाइल काढला. "काकू, चित्राशेजारी उभ्या राहा ना."

"माझा कशाला? हिचा काढ," म्हणत त्या पटकन बाजूला झाल्या.

तो फोटो अजून आहे माझ्याकडे. कडेला काकूंचा पदर तेवढा आलाय.