चाकांचं विरजण

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. पण मुलींच्या निवासी शाळेची सांडपाण्याची टाकी मी सांभाळतो, आणि ती माझ्याएवढी कोणालाच कळत नाही असं मी चारचौघांत म्हणत होतो. आता जरा हळू म्हणतो.

त्या टाकीत प्लास्टिकची पांढरी चाकं असतात. बोराएवढी, आत आरे असलेली, पोतीच्या पोती. खालून हवा सोडली की दिवसभर पाण्यात घुसळत राहतात. काही दिवसांनी त्यांच्यावर तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. मला तो पाहवत नसे. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी झाली, तेव्हा मी सगळी चाकं जाळीनं उपसली आणि ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात घासली. हात सोलले, पण चाकं कवडीसारखी चमकली.

मुली परत आल्या आणि टाकीचं पाणी सडायला लागलं. तेच पाणी मी लावलेल्या लिंबोणींना जातं. तिथं उभं राहवेना. शाळेचे सचिव नाकाला रुमाल लावून आले. महिन्याभरात वास गेला नाही तर टाकी दुसऱ्या माणसाकडे देऊ, म्हणाले. बायको गेल्यापासून माझा दिवस त्या टाकीवरच उगवतो आणि मावळतो.

यवतमाळहून इंजिनियर मॅडम आल्या. माझ्या पोरीच्या वयाच्या. एक चाक हातात घेऊन म्हणाल्या, "काका, ही कोणी धुतली?"

"म्या. दुसरं कोन धुईन?"

मॅडम कठड्यावर बसल्याच. "घरी दही कशानं लागतं, काका?"

"विरजनानं."

"तो बुळबुळीत थर म्हणजे जिवंत विरजण. घाण तोच खातो. चाकं नुसती त्याला बसायला."

मी वाद घातला. घाणीनं कुठं घाण जाते? मॅडम रागावल्या नाहीत. भिंग काढून, तळाशी अडकून धुवायचं राहिलेल्या एका चाकाचा थर दाखवला आणि मी पुरतं पाहीपर्यंत थांबल्या. एवढा वेळ मला कोणत्या मास्तरनंही दिला नव्हता.

"आता दुसऱ्या चालू टाकीतली चाकं आणून मिसळायची," त्या म्हणाल्या. "कळंब रोडच्या दवाखान्यात अशीच टाकी आहे. मी त्यांच्या ऑफिसला फोन करते. तुम्ही तिथल्या माणसाला भेटा."

तिथला माणूस म्हणजे माझा व्याही. पोरीच्या लग्नात, भर पंगतीत तो म्हणाला होता, "इवाई, या वरनात तं पोहता येते!" आठ वर्षं मी त्याच्या घरचं पाणी प्यालो नव्हतो. पोर दर सणाला बोलावायची. मी काही ना काही निमित्त काढायचो.

चार दिवस मी शेण-गूळ टाकून पाहिलं. वास वाढला. पाचव्या दिवशी शाळेच्या गाडीत दोन ड्रम टाकले आणि गेलो.

व्याही टाकीवरच होता. "या इवाई! आठ वर्सानं वाट सापडली काय?"

"विरजन पाह्यजे होतं," मी म्हणालो. जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. "चाकायचं."

त्यानं माझ्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. "धुतले काय?"

"हो."

आता टोमणा येणार म्हणून मी मान ताठ केली. तो हळूच म्हणाला, "म्याबी धुतले होते पह्यल्या वर्सी. साबन लावून."

"तुमाले कोनं देल्लं मंग विरजन?"

"कोनी नाही. दीड महिना वास खाल्ला, अन् शिव्याबी."

स्वतः जाळी घेऊन त्यानं दोन्ही ड्रम भरून दिले. झाकण लावताना म्हणाला, "सुकू देऊ नका, पानी भरपूर ठेवा. तुमाले का सांगा लागते? वरनातबी घालता."

एरवी मी ड्रम तिथंच ओतून निघालो असतो. त्या दिवशी मला हसू आलं.

ती मी टाकीत मिसळली, आणि तीन आठवड्यांत माझी चाकंही तपकिरी झाली. मला तो रंग कधी एवढा आवडला नव्हता. वास गेला, टाकी माझ्याकडेच राहिली.

विरजणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ड्रम शाळेचेच होते, तरी घासून, लिंबांनी भरून मी व्याह्याच्या घरी नेले. पोरीनं पाट मांडला. ताटात वाढलेलं वरण चांगलंच पातळ होतं. मी दोनदा मागून घेतलं.