झग्यावरचं नाव

चर्चच्या रविवारच्या वर्गात हजेरी घेताना नव्या आलेल्या बाई दोघी बहिणींतल्या धाकटीच्या नावाशी हमखास थांबायच्या. "यमीमा? हे कुठलं गं नाव?"

धाकटीला तेच हवं असायचं. ती उभी राहून सगळं सांगायची: बायबलातल्या ईयोबाचं सर्वस्व गेलं, अंगभर फोड उठले, तरी त्याने देवाला सोडलं नाही. दिवस पालटल्यावर त्याला झालेल्या लेकीचं हे नाव. अर्थ कबुतर, असं म्हणतात. "आमच्या वडिलांचंही दुकान जळलं. दोन वर्षं ते अंथरुणाला खिळले. बरे झाले आणि मी झाले."

थोरली दोन बाकं मागे बसून ऐकायची. तिच्या नावाच्या त्या वर्गात चौघी होत्या, आणि ती जन्मली होती आगीच्या आधी. ईयोबाला आधीही तीन मुली होत्या. त्यांची नावं पवित्र शास्त्रात कुठेच नाहीत, हे तिने एकटीने शोधून काढलं आणि कुणाला सांगितलं नाही.

पुढे ती बाप्तिस्म्याच्या झग्यांवर नावं भरू लागली. चाळीस वर्षांत शेकडो नावं तिच्या सुईखालून गेली. यमीमा एकदाही नाही, याचं तिला मनातून बरं वाटे. आणि आता नात झाल्यावर सूनच म्हणाली, "आई, बाळाला मावशींचं नाव ठेवू या. किती वेगळं आहे."

"पोरीला जन्मभर समजावत बसावं लागेल."

"मावशींना तर ते आवडतं."

"तिला काय, बोलायला निमित्त हवं."

मुलगा हसला. "आई, तू जळतेस."

"मला कामं आहेत."

तीन दिवस बाळाचा झगा तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी तिने शास्त्रातलं ईयोबाचं तेच पान उघडलं, निळा दोरा ओवला आणि कुणाला न विचारता साखळी टाक्याने भरलं: कसीया. दालचिनीसारखी एक सुगंधी साल. सुनेलाही ते आवडलं. थोरली आठवडाभर गुणगुणत होती.

बाप्तिस्मा झाल्यावर चर्चच्या पाळकांनी झग्यावरचं नाव वाचलं आणि ते हौसेने सांगू लागले. ईयोबाच्या या लेकींसारख्या रूपवान मुली देशात नव्हत्या. बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वारसा दिला. पहिली यमीमा. दुसरी कसीया.

पुढच्या बाकावरून धाकटी वळली. "म्हणजे माझ्या पाठची झाली की गं ताई," ती हळूच म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. "आण, घेऊ दे माझ्या बहिणीला."

थोरलीने बाळ दिलं नाही.