ताई असताना बास्केट मारायची नाही

बी.एस्सी.ला मी संख्याशास्त्र घेतलं, कारण प्रवेशाच्या खिडकीवरचे बाबू म्हणाले की त्यातच जागा उरल्या आहेत. दर्यापूरच्या माझ्या शाळेत असा काही विषय असतो हे कुणी ऐकलेलंही नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे जे मिळालं ते देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांनी घ्यायचं, एवढंच मला कळत होतं. पहिल्या वर्षी सरासरी शिकले आणि महिनाभर मला जगात दुसरं काही दिसेना. मेसच्या पोळ्यांची सरासरी काढली. वॉर्डनबाईंच्या रागवण्याची काढली. मैत्रिणींनी माझ्याजवळ जेवायला बसणं सोडलं, त्याचा संबंध मी याच्याशी लावला नाही.

बास्केटबॉलमध्ये मी दुधासाठी शिरले. खेळणाऱ्या मुलींना सरावानंतर पेलाभर दूध आणि केळी मिळत. पहिल्याच आठवड्यात चेंडू दोनदा माझ्या डोक्यावर पडला आणि एकदा मी तो मोठ्या आत्मविश्वासाने आमच्याच बास्केटमध्ये टाकला. आमचे सर भला माणूस. मला काढून टाकणं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, "तू स्टॅटिस्टिक्सची ना? मग बाकावर बस आणि आकडे लिहीत जा." मला वाटलं, माझी विद्वत्ता ओळखणारं कुणीतरी भेटलं. दूध चालू राहिलं.

आमचं मैदान अमरावतीच्या एका जुन्या प्रेसिंग फॅक्टरीच्या अंगणात होतं. अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीत कुणी शेठनं ती बांधली, असं म्हातारी माणसं सांगत. आता तिथे कापसाच्या गाठींऐवजी आम्ही होतो आणि आमचा भाव कुणी विचारत नव्हतं. मुलींच्या संघाची आधी काहीच नोंद नसे. सामना जिंकला की हरला, एवढंच सूचनाफलकावर लागे. मी रकाने आखले. कुणी किती बास्केट मारल्या, किती चुकल्या, फ्री थ्रो किती, फाउल किती, रिबाउंड किती. लाल शाईने सरासरी. दर सोमवारी मी तो कागद फलकावर लावत असे आणि जरा लांब उभी राहून कोण वाचतं ते बघत असे. बहुतेक वेळा कुणीच वाचत नसे.

मुली मला पटवारीण म्हणायच्या. "आली पटवारीण. आता आपला सातबारा काढते." मी हे कौतुक समजून हसत असे.

माझ्या कागदावर सगळ्यात वर आमची कॅप्टन. शेवटच्या वर्षाची, उंच, दणकट आवाजाची. तिला आम्ही सगळ्या ताई म्हणत असू. आणि सगळ्यात खाली, जवळजवळ शून्यावर, मोर्शीची एक पहिल्या वर्षाची मुलगी. हडकुळी, दोन वेण्या रिबिनीने वर बांधलेल्या, पळायला वाऱ्यासारखी. चेंडू तिच्या हातात सारखा असायचा, पण बास्केट काही व्हायची नाही. मी तिला एकदा प्रेमाने समजावलंही होतं, "हे बघ, तुझी सरासरी सुधारायला पाहिजे." ती म्हणाली, "हो ताई." ती मलाही ताई म्हणे, मी तिच्याहून एकाच वर्षाने मोठी असले तरी.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली. आमच्यासारख्या लहान संघाकडून एकच नाव मागवलं होतं, सोबत हंगामातली कामगिरी. सरांनी आनंदाने माझ्याकडे पाहिलं. कामगिरी लेखी असलेलं आमचं एकच कॉलेज असावं. मी त्या रात्री कागद तीनदा स्वच्छ लिहून काढला. ताईचं नाव वर, खाली दुहेरी रेघ.

दुसऱ्या दिवशी मोर्शीची मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"ताई, तुमच्या कागदात माहं नाव कुठी आहे?"

"खाली आहे. का गं?"

"काई नाई. बाबा म्हनत होते, इतक्या लांब ठेवून का फायदा, मोर्शीच्या कॉलेजात येऊन जाय. मीनं सांगितलं, विद्यापीठात नाव लागलं तर राहू द्या. ते म्हनले, बरं, तर राहाय. नाई लागलं तर पेटी भरून ठेव."

मोर्शीच्या कॉलेजात तेव्हा मुलींसाठी मैदान नव्हतं. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी तिला खाली बसवलं आणि अतिशय सहानुभूतीने सरासरी कशी काढतात ते समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. जाताना म्हणाली, "तुमी छान समजावता." याचंही मला कौतुक वाटलं.

त्यानंतर आठवड्याभराने आमचा अकोल्याला सामना होता. मैदानाशेजारी जिनिंग चालू होतं आणि रुईचे पुंजके उडत येऊन बास्केटच्या जाळीला लागत होते. आमच्या दोन मोठ्या मुली परीक्षेमुळे आल्या नव्हत्या, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुली जास्त. अर्ध्या सामन्यानंतर थोड्याच वेळात ताईचे पाच फाउल झाले आणि नियमाप्रमाणे ती सामन्यातून बाद झाली. ती पाय आपटत येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली आणि माझ्या हातातला कागद पाहून म्हणाली, "लिव, लिव. तुह्यासाठीच करून राहिली मी फाउल."

मैदानावर आता सगळ्या लहान मुली उरल्या. मोर्शीवालीनं चेंडू हिसकावला, दोघींना चकवून अगदी बास्केटखाली पोचली आणि थांबली. तिनं डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग चक्क आमच्या बाकाकडे पाहिलं, चेंडू दोन्ही हातांत पुढे धरून, जसा पाहुण्याला चहा द्यावा तसा.

ताई ताडकन उठली. "अवं, मार ना! मले कावून दाखवून राहिली? मी तं बाहेर आली!"

मुलीनं मारली. गेली. मग पुन्हा चेंडू मिळाला, पुन्हा तिनं आधी बाकाकडे पाहिलं, पुन्हा ताई ओरडली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळेपासून तिनं पाहणं सोडलं. अकोल्याच्या मुली गोंधळल्या. आम्ही तो सामना काठावर जिंकलो.

परतीच्या एस.टी.त ताई तिच्या शेजारी जाऊन बसली. मी मागच्या सीटवर.

"सांग पोट्टे, वर्षभर तुले का झालं होतं?"

"काई नाई ताई."

"काई नाई कसं? हात चांगला आहे तुहा. मारत कावून नव्हती?"

तिनं रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तुमी बास्केटखाली उभ्या राह्यता. तुमी असतानी मी कशी मारीन? बरं दिसते का?"

ताईनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या सीटवरच्या आणखी दोन लहान मुलींनी माना डोलावल्या. त्यांचाही तोच नियम होता. मोठी मुलगी समोर असली की चेंडू तिला द्यायचा. कुणी शिकवला नव्हता, घरूनच घेऊन आल्या होत्या. घरी मोठ्यांच्या आधी ताटावर बसत नाहीत, तसं.

मी वर्षभर लाल शाईने जी सरासरी काढत होते ती खेळाची नव्हतीच. कोण कोणाहून किती मोठी आहे, याची ती सरासरी होती. त्यासाठी संख्याशास्त्राची गरज नव्हती, हजेरीपट पुरला असता. आणि हे मला न कळण्याचं काही कारण नव्हतं. सराव संपला की पाण्याचा जग मी स्वतः आधी ताईपुढे धरत असे.

अमरावतीला उतरल्याबरोबर मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, ते नाव बदलायला पाहिजे."

सर म्हणाले, "कसं बदलणार? एका सामन्यावरून काही ठरवायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस. भरपूर निरीक्षणं पाहिजेत, म्हणालीस."

"सर, ती निरीक्षणं चुकीची आहेत."

"आकडा भिडस्त नसतो, हेही तूच म्हणालीस. मी ते स्टाफरूममध्ये सांगितलं सगळ्यांना."

मी असं म्हणाले होते. वक्तृत्व स्पर्धेत म्हणावं तसं म्हणाले होते. आता माझ्याच वाक्यांशी भांडताना माझ्याकडे एकही आकडा नव्हता, कारण पास कुणी कुणाला दिला हा रकानाच मी आखला नव्हता. चेंडू दुसरीला देऊन टाकण्यात लिहिण्यासारखं काय, असं माझं मत होतं.

ताई मात्र सरळ बोलली. "सर, मले पाठवू नका. मी दोन वर्षं जाऊन आली. मागच्या वेळी त्या निवडवाल्या बाईनं मले ओळखलं आन् म्हने, आलीस का पुन्हा. उद्या लहान्या एकीकडं, मोठ्या एकीकडं, असा सामना लावा. मंग पाहा."

सरांनी लावला. आता ताई समोरच्या बाजूला, त्यामुळे तिला चेंडू देण्याची सोयच नव्हती. तरी मोर्शीवालीची पंचाईत संपली नाही. चेंडू ताईच्या हातून हिसकावायचा म्हणजे काय! पहिला हिसकावला तेव्हा ती म्हणाली, "सॉरी ताई." दुसरा हिसकावला, "सॉरी ताई." मग सॉरी म्हणत म्हणत तिनं ताईची पार दमछाक केली. शेवटी ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, "सॉरी राहू दे वं, चेंडू दे एखाद्या वेळी!" सर इतके हसले की त्यांच्या तोंडातली शिटी खाली पडली.

नाव बदललं. कामगिरीच्या रकान्यात खरे आकडेच लिहावे लागले आणि ते दरिद्री दिसत होते. म्हणून शेऱ्याच्या जागी मी माझी सगळी मराठी पणाला लावली: 'सदर खेळाडूच्या अल्प गुणसंख्येचे मूळ वडीलधाऱ्यांविषयीच्या नितांत आदरभावनेत असून...' सरांनी ते वाचलं आणि विचारलं, "हा बास्केटबॉलचा फॉर्म आहे की स्थळ सुचवतेस?" शेरा खोडला गेला.

चाचणीपर्यंतचे दिवस मी तिच्या मागे लागले. मारायची, द्यायची नाही. ताई असो, मावशी असो, कुणी असो. मी भिंतीवर तक्ता लावला. चुकूनही पास दिला की लाल फुली. ती प्रत्येक वेळी "हो ताई" म्हणत होती. सोबत म्हणून वॉर्डनबाईंनी मलाच चाचणीला पाठवलं.

तिथे तिला संघ मिळाला तोच सगळा मोठ्या मुलींचा. खेळ सुरू होण्याआधी ती धावत माझ्याकडे आली. "ताई, त्या लाल टी-शर्टवाल्या एम.ए.ले आहेत म्हने!" मी म्हटलं, "असू दे. मारायची." ती म्हणाली, "हो ताई."

आणि गेली, आणि पहिलाच चेंडू एम.ए.वालीला दिला. दुसरा तिच्या मैत्रिणीला. कडुनिंबाखाली उभी राहून मी हातवारे करत होते, मार, मार. शेजारच्या कॉलेजच्या बाईंनी मला विचारलं, बरं वाटत नाही का. प्रत्येक वेळी ती दोघींतून वाट काढून आत शिरायची, दोन मुली तिच्या अंगावर यायच्या, आणि मोकळ्या उभ्या मोठ्या मुलीच्या हातात चेंडू अलगद जाऊन पडायचा. शेवटपर्यंत तिनं एकही बास्केट मारली नाही. तिला धीर द्यायची वाक्यं मी मनात जुळवायला लागले.

यादी वाचली तेव्हा तिचं नाव होतं.

मला वाटलं, चूक झाली. मी कागद सावरत निवड करणाऱ्या मॅडमकडे गेले आणि, आजही सांगताना कान गरम होतात, त्यांना विचारलं की नाव नीट पाहिलंत ना.

त्या म्हणाल्या, "अगं, बाकी सगळ्या स्वतःचंच मारत होत्या. चेंडू वेळेवर देणारी एवढी एकच दिसली." मग माझ्या हातातला कागद पाहून, "तू नोंदी ठेवतेस? हिचे पास किती होतात एका सामन्यात?"

"तो रकाना नाही, मॅडम."

"मग आहे काय?"

मी कागदाची घडी घातली.

चार दिवसांनी तिचे वडील मोर्शीहून आले. डोक्याला उपरणं, हातात पिशवी, चेहरा हिशोबाला बसल्यासारखा. हॉस्टेलच्या व्हरांड्यात ते उभे, मुलगी खांबाआड, आणि शिकलेली म्हणून बोलायला मी.

"मंग, लागलं नाव?"

"लागलं, काका. विद्यापीठाच्या संघात."

"किती गोल केले हिनं?"

"एकही नाही, काका."

त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. "एकबी नाई? मंग घेतलं कावून?"

मी घसा साफ केला. आता मी नीट, मुद्देसूद सांगणार होते. पण खांबाआडून आवाज आला, "बाबा, मीनं बाकीच्याइले देल्ले."

त्यांनी खांबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अन् घरी लहान्या भावाले पेन्सिल देत नाई."

"थो लहान आहे, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली, उपरणं सारखं केलं आणि मला विचारलं, "वॉर्डनबाई कुठी बसते? पुढच्या वर्षाचं सांगून देतो."