काकू बागेत आहेत

“काय बिघडतंय?” असं म्हणून त्या डोळ्यांवरचा चष्मा डोक्यावर सरकवायच्या. एकदा का चष्मा वर गेला, की आपण समजायचं, आता आपलं काही चालणार नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. आमच्या वेस्ट विंडसरमध्ये ते नेमकं माझ्या कुंपणापलीकडे राहत होतं.

मी नागपूरची, तोंडानं फटकळ. काकू सांगलीच्या, वयानं माझ्या आईएवढ्या, औषधांच्या कंपनीतल्या लॅबमधून रिटायर झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमची ओळख झाली ती मंडळाच्या गणपतीत. एक गृहस्थ आभार मानायला उभे राहिले ते बसेचनात. हॉलच्या मालकापासून माइकवाल्यापर्यंत कुणाला म्हणून सोडलं नाही त्यांनी. मुलं भुकेनं रडायला लागली. काकूंनी चष्मा वर केला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, संपलं एकदाचं. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या आणि ते गृहस्थ बिचारे नमस्कार करून खाली बसले.

जेवणाच्या रांगेत मी त्यांना म्हटलं, “काकू, कमाल केलीत तुम्ही!”

“अगं, काय बिघडतंय? भात गार होत होता.”

झालं, तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

मग एका हिवाळ्यात त्या ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरल्या. मनगट मोडलं. मी ऑफिसातून घरी येईपर्यंत अर्धा तास तशाच पडून होत्या. कॅलिफोर्नियातला मुलगा पहिल्या फ्लाइटनं आला. मुलगा वाईट नव्हता हो, उलट फार जीव लावणारा. त्यानं आईचा हात धरून सांगितलं, घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. काकूंनी पुष्कळ वाद घातला, शेवटी हात टेकले. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगला जायचं ठरलं.

त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. पुण्यात कॉलेजच्या हॉस्टेलवर त्या चौघी एका खोलीत राहायच्या. बाकीच्या तिघी युरोपात विखुरलेल्या, एक एडिंबराला, एक व्हिएन्नाला, एक हॅम्बर्गला. प्रत्येकीकडे आठवडाभर राहून यायचं. राजवाडे बघायचे नाहीत, म्युझियम नाही, बस पकडायची घाई नाही. “नुसतं लोळायचं आणि बोलायचं,” काकू म्हणायच्या. मुलगा म्हणाला, “आई, अलोन? नो वे. नेक्स्ट समरला मी घेऊन जातो ना.”

पण हॅम्बर्गची मैत्रीण विसरायला लागली होती. तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं, मावशी, यायचं तर लवकर या.

“उन्हाळ्यापर्यंत मी तिच्या लक्षात राहीन का गं?” काकूंनी मला विचारलं. त्यांनी चष्मा वर केला आणि त्याच आठवड्यात तिकीट काढलं. मुलाला न सांगता!

आता आली का पंचाईत? मुलगा दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल करायचा आणि काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोलायच्या. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर मंडळाचं कॅलेंडर दिसायचं. काकूंनी ते कॅलेंडर खिळ्यासकट काढून बॅगेत भरलं. आयसेलिनच्या देशी दुकानातून चौघींसाठी आणलेले मऊ कॉटनचे चार गाऊन, चारही एकाच छापाचे, आणि त्यांच्यावर हे गुंडाळलेलं कॅलेंडर. नुआर्क विमानतळावर सोडायला गेले तेव्हा मी म्हटलं, “काकू, वाटेत काही झालं तर तुमचा मुलगा मला कच्चं खाईल.”

“तू फक्त मी बागेत आहे म्हणून सांग.”

पहिल्या रविवारी एडिंबराला कॅलेंडर पुस्तकांच्या कपाटावर टांगलं. निभावलं. दुसऱ्या रविवारी व्हिएन्नात कॉल चालू असताना चर्चच्या घंटा घणघणायला लागल्या. काकूंनी शेजारच्यांच्या टीव्हीवर ढकललं. शेजारी म्हणजे मीच! लगेच मला त्याचा फोन. “ताई, इज मॉम ओके? कॉल एकदम कट केला तिनं.”

“बागेत आहेत, पानं गोळा करताहेत,” मी ठोकून दिलं. फोन ठेवला आणि मला इतकं अपराधी वाटलं, की दाताळं घेऊन त्यांच्या बागेतली सगळी पानं मीच गोळा केली. नवरा खिडकीतून बघत होता. म्हणाला, “आपल्या बागेतली पण आहेत, यार.”

हॅम्बर्गला पहिले दोन दिवस मैत्रिणीनं काकूंना ओळखलंच नाही. “बाई, तुम्ही कोणाकडे आलात?” असं अगदी अदबीनं विचारत राहिली. काकूंनी मला तिथून फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच पडलेला ऐकला मी. “उशीर झाला गं मला,” एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी संध्याकाळी, मैत्रीण तेलाची बाटली घेऊन आली आणि काकूंच्या पुढ्यात जमिनीवर बसली. हॉस्टेलवर रविवारी काकूच सगळ्यांच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या. काकू केसांत बोटं घालतात न घालतात, तोच ती म्हणाली, “हवालदार, हळू ना! मेले मी!”

हे त्यांचं हॉस्टेलातलं नाव. पहाटे पाचला सगळ्यांची पांघरुणं ओढायच्या म्हणून पडलेलं. काकू हसायला लागल्या, ती हसायला लागली, दोघी रडायला लागल्या, आणि नेमका तेव्हाच मुलाचा कॉल आला. कॅलेंडर अजून बॅगेतच होतं. काकूंनी तेलकट हातानं फोन उचलला. “हे बघ, मी हॅम्बर्गला आहे. ओरडायचं ते नंतर ओरड. आधी माझ्या मैत्रिणीशी बोल, आत्ता तिला मी आठवतेय.”

तासाभरानं माझा फोन वाजला. “ताई, यू न्यू?”

“हो. सॉरी.” दुसरं काय बोलणार?

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण तो एकदम म्हणाला, “ताई, व्हॉट इज हवालदार?”

मी सांगितलं, पोलीस. आणि पांघरुणांचंही सांगितलं.

“माय मॉम?” तो म्हणाला. “शी नेव्हर टोल्ड मी एनी ऑफ धिस.” आवाज असा, की मला त्याचीच माया आली.

काकू परत आल्या. ठरल्याप्रमाणे थँक्सगिव्हिंगला कॅलिफोर्नियाला गेल्या. शब्द दिला तो दिला. मुलानं घर रिकामं केलं आणि नाताळच्या आधी तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं. चांगली आहेत माणसं, तक्रार नाही. पण कुंपणापलीकडून कुणी हाक मारत नाही आणि त्याचा मला राग येतो, अगदी खरं सांगते. राग कोणावर काढायचा ते कळत नाही, मग मी नवऱ्यावर काढते.

ह्या ऑक्टोबरात मुलगाच काकूंना घेऊन हॅम्बर्गला गेला. एडिंबरा आणि व्हिएन्नाच्या दोघीही तिथेच आल्या. हॅम्बर्गच्या मैत्रिणीला आता पोटची मुलगीसुद्धा ओळखू येत नाही. काकू निघायच्या आधी फोनवर म्हणाल्या होत्या, “न ओळखू दे. आम्ही तिला ओळखतो ना.”

परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना मुलाचा मेसेज आला. रस्त्यावरून काढलेला फोटो होता. खिडकीच्या काचेआड चार म्हाताऱ्या, दोन पलंगावर, दोन खाली, आणि एकीचंही लक्ष बाहेर नाही. चौघी हसत होत्या. हॅम्बर्गच्या मैत्रिणीला आपण कशाला हसतोय ते कळत असेल का, मला माहीत नाही, पण सगळ्यात मोठं तोंड उघडून तीच हसत होती. मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद केला आणि डोळे पुसले.

खाली त्यानं लिहिलं होतं, “मॉमनी सांगितलं, एक तास फिरून ये. तीन तास झाले, ताई. पाऊस सुरू झालाय. बेल वाजवू?”

मी लिहिलं, “नको. भीज थोडा.”