पोटात नसलेली पिल्लं

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि मग संध्याकाळभर माझं लक्ष दाराकडे जात राहतं. नुसतं 'कुत्री' म्हणते, तेवढ्यावर भागवून घ्या. फिकट पिवळ्या रंगाची लॅब्रॅडोर. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा खांदा कॉलनीत राहायचो. घरात मी, नवरा आणि सासूबाई. मी बँकेत, नवरा तळोज्याच्या कारखान्यात, त्यामुळे दिवसभर कुत्रीला सोबत सासूबाईंची. 'या जनावराने माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवला तर मी थेट काशीला निघून जाईन' असं बजावणाऱ्या सासूबाई महिन्याभरात तिला वरणभात कालवून भरवायला लागल्या होत्या. काशी राहिलीच.

तिला पिल्लं व्हावीत ही कल्पनाही त्यांचीच. "बाईच्या जन्माला आलीय बिचारी. एकदा तरी आई होऊ दे तिला," त्या म्हणायच्या. माझं कारण वेगळं होतं. मला हे काम नीट करून दाखवायचं होतं. पनवेलमध्ये तेव्हा नवी बिल्डिंग उभी राहिली की तिच्या मागोमाग लॅब्रॅडोर यायचे, आणि पिल्लं विकणारे तर गल्लोगल्ली झाले होते. डोळे धड उघडले नाहीत तोवर पिल्लू आईपासून तोडायचं, खोक्यात घालायचं, आणि 'दीड महिन्याचं आहे' म्हणून ठोकून द्यायचं. ते बघून माझं डोकं फिरायचं. मी मुळातच तापट. नवरा म्हणतो की मी दुधावरच्या सायीशीसुद्धा भांडेन. मी ठरवलं, आपण असलं काही करायचं नाही. कुत्री दोन वर्षांची झाल्याशिवाय नर दाखवायचा नाही. पिल्लं दोन महिने आईपाशी राहतील. लसी झाल्याशिवाय एकही दाराबाहेर जाणार नाही. आणि ज्याला झेपणार नाही त्याने पिल्लू दुसऱ्याला न देता मलाच परत आणून द्यायचं.

शिवाय घरं मी आधी बघणार होते. रविवारी नवऱ्याला स्कूटरवर पुढे बसवून मी स्थळं बघायला निघायचे. विचुंब्याला एक निवृत्त जोडपं होतं, अंगण होतं, माणसं शांत होती. ते पसंत पडलं. उलव्याला एका नव्या टॉवरमध्ये दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या नवराबायकोने हौसेने गॅलरी दाखवली, 'इथेच ठेवणार त्याला' म्हणाले. मी चहा अर्धा टाकून उठले. मुलीकडच्यांनी एवढा भाव खाल्लेला त्यांनी जन्मात बघितला नसेल.

नर नवीन पनवेलमधल्या एका बंगल्यातला होता. देखणा, खाऊनपिऊन सुखी. मादीने नराच्या घरी जायचं असतं, म्हणून आम्ही तिला न्हाऊमाखू घालून घेऊन गेलो. बंगल्यातल्या वहिनींनी दारातच तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मला हसू आवरेना. परत येताना कुत्री रिक्षात माझ्या मांडीवर झोपली होती आणि कुंकू माझ्या ओढणीला लागलं होतं.

पुढच्या महिन्यात तिचं पोट दिसायला लागलं. आचळं भरली. ती जड जड चालायला लागली, दोन जिने चढताना मध्ये थांबायची. आमच्या डॉक्टरांनी हाताने चाचपून 'वाटतंय खरं' म्हटलं, आणि तेवढ्यावर आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी डोहाळजेवण ठरवून टाकलं. मी विरोध केला, पण सासूबाईंपुढे माझा विरोध फार वेळ टिकत नसे. गच्चीवर चटई घातली, तिच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा बांधला. ओटी कशी भरायची यावर दहा मिनिटं वाद झाला. शेवटी हिरव्या खणात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि शेंडीचा नारळ बांधून ते गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. ती मुकाट बसून राहिली. सगळ्यांनी फोटो काढले, मसालेभात खाल्ला, आणि कुठलं पिल्लू कुणाचं हेसुद्धा वाटून घेतलं.

संध्याकाळी तिने तो नारळ गाठोड्यातून काढला आणि दिवाणाखाली नेला. तिथे तिने जुन्या चादरी ओरबाडून जागा केली होती. ती नारळाभोवती अंग वळवून पडली आणि त्याला चाटायला लागली. आम्ही वाकून बघितलं आणि हसलो.

दिवस भरत आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, एक्स-रे काढू, पिल्लं मोजू. किती ते माहीत असलं की शेवटचं आत अडकून राहत नाही. आम्ही तिघं गेलो, सासूबाई पेढ्यांचा पुडा घेऊनच आल्या होत्या. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. मला पाठीचा कणा दिसत होता, बरगड्या दिसत होत्या. कण्याखाली जिथे बारकी बारकी हाडं दिसायला हवी होती तिथे काहीच नव्हतं.

"पिल्लं नाहीत," ते म्हणाले. "खोटं गरोदरपण आहे. कुत्र्यांमध्ये होतं असं. शरीराची समजूत होते की पिल्लं आहेत. दूधही येईल तिला."

सासूबाईंनी पुडा पर्समध्ये ठेवला. डॉक्टर मात्र अजून फिल्मकडेच बघत होते. त्यांनी मागच्या पायांच्या सांध्यावर बोट ठेवलं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत घट्ट बसलेला असायला हवा, तो कडेला नुसता टेकला होता. खोबणी बशीसारखी उथळ होती. "ती जड चालते ते पोटामुळे नाही," ते म्हणाले. "हे जन्मापासूनचं आहे. आईबापांकडून येतं. आज ना उद्या दुखायला लागेल."

मी विचारलं, पुढच्या वेळी पिल्लं होतील का.

"होतील की. पण ती होऊ द्यायची का, ते तुम्ही ठरवा. त्यांचेही पाय असेच निघू शकतात."

ठरवायला मला फिल्म खाली उतरेपर्यंतचाही वेळ लागला नाही. पण घरी आल्यावर मला कळलं की ठरवलंय ते फक्त मी. तिच्या शरीराने ते ऐकलं नव्हतं. तिला दूध आलं. ती दिवाणाखालून जेवायलासुद्धा बाहेर येईना. नारळाच्या शेंडीला चाटून चाटून तिने पार ओलं केलं होतं, आणि पोटाशी घेऊन ती त्याला पाजायला बसायची. कुणी वाकलं की गुरगुरायची. आमच्यावर ती आयुष्यात कधी गुरगुरली नव्हती. नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी ठेवायला लागला. का, ते मी विचारलं नाही. मीसुद्धा दिवाणाजवळून जाताना पाय जपून टाकत होते, खाली काही तुडवलं जाईल म्हणून. एका दुपारी सासूबाई मला फोनवर म्हणाल्या, "अगं, मला आवाज येतो. कुईकुई करतात." मी बँकेत, समोर माणसांची रांग. मी म्हटलं, आई, तुम्ही जरा पडा. फोन ठेवला. आदल्या दिवशी मलाही तो आवाज आला होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ज्याला ती पिल्लू समजते ते काढून घ्या, नाहीतर दूध आटायचं नाही. नवऱ्याने तिला खाली फिरायला नेलं आणि मी दिवाणाखाली हात घातला. नारळ गरम होता. खरंच गरम होता. ओटीचा नारळ, म्हणून सासूबाईंना तो फोडवेना आणि कचऱ्यातही टाकवेना. त्या रिक्षा करून गाढी नदीवर गेल्या आणि पाण्यात सोडून आल्या. येऊन त्यांनी आंघोळ केली. तशी आंघोळ आमच्याकडे कुणी गेल्यावर करतात.

कुत्री घरभर शोधत हिंडली. कपाटाखाली, बाथरूमच्या बादल्यांमागे. मग माझ्यापुढे येऊन बसली आणि माझ्या हातांचा वास घेत राहिली. मला ते सहन झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी नीट दिवस राहतील. एक खेप होऊ दे, मग कर काय ते ऑपरेशन." मी त्यांच्यावर ओरडले. त्या रडल्या, मग मीही रडले. ऑपरेशनची तारीख मात्र मी पक्की केली.

पण आईबापांकडून येतं, हे डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जाईना. तिची आई कुठेतरी अजून पिल्लं देत असेल. आम्ही तिला उलव्याच्या बाजूच्या, खाडीलगतच्या एका गावातून आणलं होतं. विकणाऱ्याने तेव्हा पिल्लू ओट्यावर आणून दाखवलं होतं. आईबद्दल विचारलं तर म्हणाला होता, ती चावते. मी एक्स-रे बरोबर घेतला आणि एकटीच गेले. रस्ता ओळखू येईना. जिथे मिठागराचं पाणी होतं तिथे भराव पडला होता आणि अर्धवट इमारती उभ्या होत्या.

माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मासळीची डोकी आणि भात शिजत होता, कुत्र्यांसाठीच. मी म्हटलं, मला तिची आई बघायचीय.

"ती गेली ओ ताई. तिची पोर हाय ना, तीच चालू हाय आता पिल्लांना. तुमच्याच कुत्रीची बहीन."

त्याने दार उघडलं आणि माझीच कुत्री बाहेर आली. तोच चेहरा, छातीवर तोच पांढरा ठिपका. फक्त बरगड्या दिसत होत्या आणि पोट जमिनीला लागायला आलं होतं. चार पावलं टाकून ती बसली, मागचे दोन्ही पाय एका बाजूला टाकून. हिच्या पोटात पिल्लं होती. दिसत होतं, आत हलत होती.

मी त्याला सगळं सांगितलं, फिल्म उन्हात धरून दाखवली. त्याने नीट बघितली. म्हणाला, "आमची म्हातारी पन अशीच डुलत चालते. तिला पन आमी झालोच ना?" मी म्हटलं, हिचं एवढं बाळंतपण होऊ द्या, मग मी डॉक्टर घेऊन येते, ऑपरेशन करू. तो हसला.

"तुमी येवडं सांगता, पन तुमची तर केवडी झकास ठेवलीय तुमी. मी लोकांना तुमच्याकडंच धाडतो ना. सांगतो, खांदा कॉलनीच्या बागेत जा, बँकेतल्या ताईंची कुत्री बघा. हिचीच बहीन हाय. लोक बघून येतात नि लगेच हो बोलतात."

आदल्या हिवाळ्यात मी तिला फिरवायला न्यायचे तेव्हा बागेत किती अनोळखी माणसं आमच्यापाशी थांबली होती. किती वर्षांची, स्वभाव कसा, मुलांना काही करत नाही ना, म्हणून विचारत होती. आणि मी, एरवी कुणाशी धड न बोलणारी, कौतुकाने तासभर सांगत बसायचे. माझ्या कुत्रीला एकही पिल्लू झालं नव्हतं, आणि तिच्या जिवावर डोलत्या पायांची पिल्लं पनवेलभर घरोघरी गेली होती.

पंधरवड्याने मी डॉक्टरांना घेऊन गेले तेव्हा शेडला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, कुत्री भावाकडं नेली. कोणत्या गावी ते तिला ठाऊक नव्हतं. त्याचा फोन लागायचा, पण तो उचलायचा नाही.

आमच्या कुत्रीचं ऑपरेशन झालं. टाके सुकले, ती पूर्ववत जेवायला लागली, सासूबाईंच्या पायाशी झोपायला लागली. चालण्यातला डोल मला दिसायचा, इतरांना नाही. आणि माणसं यायचीच. त्याने धाडणं थांबवलं नव्हतं. मी प्रत्येकाला बाकावर बसवून खुब्याचं सगळं समजावून सांगायचे. काही ऐकून घ्यायचे, काही मला भांडकुदळ समजून निघून जायचे. रस्त्यात फिकट पिवळं पिल्लू दिसलं की मी त्याच्या मागे मागे चालायचे, पाय बघत.

एका रविवारी एक नवराबायको आले, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. मी सुरू झाले. वडील मनापासून ऐकत होते, मध्येमध्ये मान हलवत होते. तेवढ्यात मुलगी गवतावर बसली आणि कुत्री जाऊन तिला टेकली. तिने मुलीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिचा हात चाटायला लागली. एकेक बोट, मग तळवा, मग मनगट. सावकाश, काही राहून जायला नको अशी. मुलगी अजिबात हलत नव्हती.

"पायांचं कळलं," वडील म्हणाले. "पण स्वभाव? या घराण्यातल्या सगळ्यांचा असाच असतो का हो?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, हो.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "मला अशीच हवी."