सिनेमातली चुकलेली भट्टी

माझं अक्षर गिचमिड आहे, काना-मात्रा चुकतात. शाळा चौथीत सुटली. ही वही मुलीच्या हाती लागली तर तिने हसू नये, एवढंच.

बोईसरला मी एका निवृत्त शिक्षिकेकडे धुणीभांडी करायचे. त्यांना मी बाई म्हणते. काम झालं की त्या मला चहा द्यायच्या आणि टीव्हीसमोर बसवायच्या. मी दाराजवळ खाली बसायचे आणि पाच वर्षांत जेमतेम पन्नास शब्द बोलले असेन.

एकदा त्यांनी जुना इंग्रजी सिनेमा लावला. बोलणं हिंदीत केलेलं होतं. तिकडे सरकारने दारू बंद केलेली, आणि टोपीवाले गुंड बेकरीच्या तळघरात चोरून दारू गाळत होते. चूल भडकलेली, भांड्यातून वाफ नुसती वर चाललेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, हे नाय जमायचं. वर गार पानी नाय ठेवलं. सगली वाफ फुकट चालली."

बाईंनी सिनेमा थांबवला. "तुला गं कसं ठाऊक?"

मी कपबशी उचलून उठायला लागले.

"अगं, बोल की."

"सासू गालायची."

"आणि तू?"

मी मानेनेच हो म्हटलं. बोईसरला कामाला यायचे नाही त्या दिवशी आमच्या डोंगरातल्या घरामागे मी अजूनही मोहाची दारू गाळायचे. फुलं भिजत घालायची, गूळ टाकायचा, मडक्यावर मडकं चढवायचं आणि सगळ्यात वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं. ते पाणी बदलायला दिवसभर चुलीपाशी बसावं लागतं. खालच्या रस्त्याला पोलिसांची जीप वाजली की मी मुलीला घेऊन रानात पळायचे. आता बाईंकडचं काम गेलं, असंच मला वाटलं.

बाई रागावल्या नाहीत. "तुला हे सोडायचंय का?" एवढंच विचारलं.

"सोडायचं हाय. पन गूलवाला सोडत नाय."

गुळाच्या व्यापाऱ्याची नऊ हजारांची उधारी होती. ती फिटेपर्यंत त्याला दारू द्यावी लागायची. तोवर मुलगी शाळेत गेली तरी तिला भट्टीवालीची म्हणूनच हाक मारत. बाई दुसऱ्या दिवशी मला बँकेत घेऊन गेल्या. नऊ हजार गुळवाल्याचे आणि डब्यांचा धंदा सुरू करायला सहा हजार शेगडी-भांड्यांचे, असे पैसे काढून मला उसने दिले. "हे दान नाही हं," म्हणाल्या. "दान दिलं तर तू माझ्याकडे यायचीच बंद होशील."

मी बोईसरलाच खोली घेतली आणि कारखान्यातल्या कामगारांना पोळीभाजीचे डबे देऊ लागले. आयुष्यभर तांदळाच्या भाकऱ्या थापलेल्या, पोळी गोल कुठून यायची? नकाशासारखी वेडीवाकडी व्हायची. बिहारचा एक कामगार रोज डबा उघडून म्हणायचा, "मौसी, आज कौन सा जिला बनाया?" सगळे हसायचे, पण डबा कोणी बंद केला नाही. मी दर महिन्याला जमेल तेवढं बाईंना देत गेले. एका पावसाळ्यात चार महिने काहीच देता आलं नाही. बाईंनी विषय काढला नाही.

परवा शेवटचे पाचशे घेऊन गेले आणि चहा झाल्यावर धीर करून म्हटलं, "बाई, तो सिनेमा परत लावा ना."

"तुझा भट्टीवाला? आता पुन्हा त्यांच्या चुका काढ!"

पहिल्या वेळी मी फक्त ते भांडंच पाहिलं होतं. या वेळी त्या गुंडाची बायको दिसली. चांगल्या कपड्यांत खिडकीपाशी बसलेली, बाहेर गाडी थांबली की हातातलं काम थांबायचं. तसं बसणं मला ठाऊक आहे. पोलिसांनी पिंपं फोडली, दारू रस्त्यावर वाहिली. मला अजूनही वाईट वाटलं. कोणाचे तरी चुलीपाशी बसलेले दिवस होते त्यात. पण तिला कोणी विचारलं नाही की तुला हे सोडायचंय का. मला विचारलं.

सिनेमा संपला. मी पदराची गाठ सोडून पैसे त्यांच्या हातात दिले.

"राहू दे गं, मुलीच्या वह्यांना."

"नाय बाई. मोजून घ्या."

त्यांनी चष्मा लावला, शंभराच्या पाच नोटा एकेक करून मोजल्या आणि म्हणाल्या, "बरोबर. पंधरा हजार पूर्ण झाले."